डॉर्कस प्रायरचे अखेरचे शब्द

अँब्रोज विगिनने आजवर एकेचाळीस माणसं फासावर चढवली होती, सगळी कागदावर. खरी फाशी सरकार द्यायचं. विगिनचं काम त्याच्या आदल्या आठवड्यातलं. मरणाऱ्याने मरताना काय म्हटलं, हे मरणाऱ्याला सुचायच्या आत लिहून मोकळं व्हायचं.

इंग्लंडच्या गादीवर दुसरे जॉर्ज होते आणि मार्लफर्डला वर्षातून दोनदा फिरतं कोर्ट यायचं. लंडनहून जजसाहेबांची घोडागाडी आली की चर्चच्या घंटा वाजायच्या, खानावळी भरायच्या आणि तुरुंग रिकामा व्हायला लागायचा. गुरुवारी शिक्षा, शनिवारी सकाळी जजसाहेब पुढच्या गावाला, आणि त्यानंतरच्या बुधवारी गावाबाहेरच्या माळावर फाशी. शनिवारी निघण्यापूर्वी जजसाहेब फाशीची यादी पुढ्यात घ्यायचे आणि ज्याची दया आली असेल त्याच्या नावावर काट मारायचे. काट मारली की माणूस जगायचा. त्याला पुढे जहाजात कोंबून अमेरिकेला धाडत, ते वेगळं.

हे कागद छापून फाशीच्या गर्दीत विकणारे, छापखान्याचे मालक मिस्टर गॉडबी शनिवारपर्यंत थांबत नसत. दोन वर्षांपूर्वी ते थांबले होते. तेव्हा शेजारच्या गावचा छापखानेवाला पहाटेच माळावर गठ्ठे घेऊन हजर झाला, आणि गॉडबींचा माल पोचला तेव्हा लोक घरी जाऊन जेवत होते. तेव्हापासून नियम ठरला. गुरुवारी शिक्षा ऐकायची, शुक्रवारी शिक्षा झालेल्या सगळ्यांचे कबुलीजबाब छापायचे, पेटीत घालून कुलूप लावायचं, आणि शनिवारी जो सुटेल त्याच्या मजकुराचे जुळवलेले खिळे न सोडता तसेच बांधून ठेवायचे. वाया काहीच जात नसे. वसंतात सुटलेल्या एका मेंढीचोराचा पश्चात्ताप शरदात एका घोडेचोराला अगदी अंगाबरोबर बसला होता. ‘मेंढी’ काढून ‘घोडा’ घातला, बस्स. अश्रू तेच ठेवले.

सगळ्या कबुलीजबाबांचा साचा ठरलेला. वर लाकडी ठशाचं चित्र: फाशीचा खांब, खाली गाडी, आणि गळ्यात दोर असलेली एक व्यक्ती. ठसा अकरा वर्षांचा. त्यातला चेहरा किड्याने खाल्ला होता, त्यामुळे तो कुणालाही चालायचा. खाली मजकूर. आईबाप गरीब पण सज्जन. मग पहिल्यांदा रविवारची प्रार्थना चुकवली. मग दारू. मग वाईट संगत. बाई असली तर फौजेतला कुणी सोजिर, पुरुष असला तर बाई. मग गुन्हा, मग रडणं, आणि शेवटी पोरीबाळींना सावध करणाऱ्या चार ओळी, गाता येतील अशा. विगिन दोन वर्षं कॉलेजात राहून आला होता. तिथून त्याला का काढलं हे तो वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगायचा. गॉडबी त्याला ‘पंडित’ म्हणत आणि माळ्यावर झोपू देत.

त्या गुरुवारी दुपारी छापखान्याच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि फडक्यात बांधलेलं चीज दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं.

“अर्ज लिहिणारे मास्तर तुम्हीच का?” तिने विचारलं.

“कसला अर्ज, त्यावर आहे,” विगिन म्हणाला.

“दयेचा. माझ्या डॉर्कसला आज फाशी सांगितलीन्. बहिणीची पोर माझी. तिची आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून मीच बघितलं तिला. मी थॉमसिन. नेदर कूमहून आलेय.”

“चालत?”

“मग काय, राजाची गाडी येणार होती मला न्यायला?”

विगिनने तिला बाकावर बसवलं. डॉर्कस प्रायरचा खटला त्याने सकाळी पाहिला होता. पाहिला म्हणजे, शिंक आली आणि नाक पुसून वर बघेपर्यंत संपला होता. एका श्रीमंत विधवेकडची मोलकरीण. विधवेचा चांदीचा पेला नाहीसा झाला आणि आठवड्याने जुन्या बाजारात सापडला. दुकानदार म्हणाला, पांढरी टोपी घातलेली पोरगी विकून गेली. मार्लफर्डमध्ये पांढरी टोपी न घालणारी पोरगी शोधायला कंदील घ्यावा लागला असता, पण पंचांना घरी जायची घाई होती.

“तिनं घेतलाय का तो?” विगिनने विचारलं. अर्जाला ह्या माहितीची तशी गरज नसते.

“तुम्हीच विचारा ना तिला,” थॉमसिन म्हणाली. “मी विचारलं तर चिडते.” मग तिने कमरेची पुरचुंडी सोडून एक चिठ्ठी काढली. “आमच्या पाद्रीबाबांनी लिहून दिलंय. पोरगी चांगली आहे म्हणून. त्यांना वाचता येतं. आमच्या गावात त्यांना एकट्यालाच येतं.”

आतून गॉडबींनी हाक मारली. “पंडित! त्या मोलकरणीचं कुठवर आलं? उद्या दुपारी मशीनवर चढवायचंय मला.”

“माहिती गोळा करतोय,” विगिन म्हणाला, आणि ते खरंच होतं.

तुरुंगात डॉर्कस भिंतीला टेकून बसली होती. वय वीसच्या आतलं. विगिनने तिला सांगितलं की मावशीने पाठवलंय, अर्ज लिहायचाय.

“मग लिहा की मी नाही घेतला,” ती म्हणाली.

“ते सगळेच लिहितात.”

“मग मी काय वेगळं लिहू? मी घेतलाय असं?” ती हसली. “बरं, मला सांगा मास्तर, मला पेला चोरायचा असता तर मी एवढे दिवस घासत कशाला बसले असते?”

“घासायचीस?”

“दर शनिवारी. राखेनं. बाहेरून काही नाही हो त्याच्यात, पण आतून सोन्याचा मुलामा. आत बघितलं की माझं तोंड उलटं दिसायचं. हनुवटी वर, कपाळ खाली. मला वाटायचं, ही जी पोरगी पेल्यात राहते ना, तिचं सगळंच उलटं असेल. ती खुर्चीत बसत असेल आणि मालकीणबाई फरशी पुसत असतील. एकदा मी मोठ्यानं हसले तर बाईंनी आतून विचारलं, काय झालं गं? म्हटलं, काही नाही, शिंक आली.”

गेल्या सहा वर्षांत तुरुंगात विगिनला कुणी असं काही सांगितलं नव्हतं. अर्थात त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं. साचा तयार असताना विचारायचं कशाला?

“वाचतील का हो ते अर्ज?” डॉर्कसने विचारलं.

“वाचतात. परवा सकाळपर्यंत वेळ आहे. मोलकरणींना बहुतेक सोडतात. तुझ्याआधी तिघी सुटल्यात.”

“मग नीट लिहा. माझं नाव नीट लिहा. कोर्टात त्यांनी डोरोथी म्हटलं होतं.”

शुक्रवारी सकाळी विगिन खिडकीजवळच्या टेबलाशी बसला आणि त्याने आधी दयेचा अर्ज लिहिला. दयेच्या अर्जाचेही शब्द ठरलेले. अत्यंत लीन होऊन, न्यायमूर्तींच्या चरणी, एक अभागी, अजाण, पहिल्याच वेळी घसरलेली. त्यात आपलं डोकं चालवायचं नसतं. जजसाहेबांना ओळखीचे शब्द दिसले की ते कुणीतरी भल्या माणसाने लिहिलंय असं समजतात. अनोळखी शब्द दिसला की कपाळाला आठी घालतात. पेल्यात राहणारी पोरगी तिथे घालून चाललं नसतं. मालकीण फरशी पुसतेय, हे वाचून दया येईल असा जज अजून इंग्लंडात जन्मायचा होता. विगिनने सरळ, स्वच्छ, मेलेला अर्ज लिहिला, खाली पाद्रीबाबांची चिठ्ठी जोडली आणि थॉमसिनकडून सहीऐवजी फुली मारून घेतली. मोबदला म्हणून तिने फडक्यातलं चीज त्याच्यापुढे ठेवलं.

मग त्याने दुसरा कागद ओढला आणि कबुलीजबाब लिहायला घेतला.

इथे मात्र त्याला कुणी अडवत नव्हतं. आईबाप गरीब पण सज्जन, ते झालं. रविवार मोडला, ते झालं. सोजिर आला, लाल कोटातला, मिशीवाला, आणि गेला. मग पेला आला आणि विगिनचा हात आपोआप चालायला लागला.

‘शनिवार होता,’ त्याने लिहिलं. ‘राखेने पेला घासून मी आत पाहिलं. सोन्यात माझा चेहरा उलटा दिसत होता, हनुवटी वर, कपाळ खाली. मला वाटलं, जी पोरगी ह्या पेल्यात राहते तिचं सगळंच उलटं असेल. ती खुर्चीत बसत असेल आणि मालकीण फरशी पुसत असेल. तेवढ्यात सैतान माझ्या कानाशी म्हणाला, मग तिला बाहेर का काढत नाहीस?’

त्याने लेखणी खाली ठेवली आणि ते पुन्हा वाचलं. एकेचाळीस माणसं झाली होती, पण असं एकदाही जमलं नव्हतं. ‘सैतान’ हे एकच त्याचं होतं. बाकी सगळं पोरीचं होतं, हेही त्याला कळत होतं. पण चांगलं वाक्य सापडलं की ते परत देणारा लेखक त्याच्या पाहण्यात नव्हता. आणि नुकसान तरी कुणाचं? पोरगी सुटणार होती. ती सुटली की हे खिळे बांधून फळीवर जाणार होते, आणि पुढल्या खेपेला एखादी चमचेचोर आली असती तर पेल्याचा चमचा झाला असता. शेवटच्या ओळी त्याने सहज खरडल्या:

‘ऐका गं साऱ्या पोरींनो, शिका माझ्यापासून,
रविवार मोडला एकदाच मी, गेलं सगळं नासून.’

गॉडबींनी प्रूफ वाचलं. ते एरवी प्रूफ वाचत नसत, नुसते मोजत.

“पंडित,” ते म्हणाले, “हिला सोडायला नको हो.”

“काय बोलता, मालक?”

“धंद्याचं बोलतोय. मला कुठे कुणाचं वाईट चिंतायचंय?” त्यांनी कागद दिव्याच्या काचेसारखा जपून खाली ठेवला. “पण हे फळीवर पडून राहणार म्हणजे जिवावर येतं.”

बाहेर बारीक पाऊस लागला होता. थॉमसिन दारात खोळंबून उभी होती. जजसाहेबांचा मुक्काम चर्चमागच्या घरात, आणि अर्ज संध्याकाळच्या आत पोचायला हवा होता. विगिनने कोट चढवला, अर्ज उचलला आणि तो भिजू नये म्हणून दाराजवळच्या रद्दीतला वरचा कागद ओढून त्यात गुंडाळला. छापखान्यात माणसं हेच करतात. त्या घरात मासे रद्दीत गुंडाळून यायचे, मेणबत्त्या रद्दीत उभ्या राहायच्या, गॉडबीबाईंच्या केकखाली गेल्या सालचे दोन दरोडेखोर असायचे. रद्दीवर काय छापलंय हे कुणी बघत नाही. जो दिवसभर शब्दच वाहतो, त्याला फुकटचे शब्द डोळ्यांना दिसेनासे होतात.

जजसाहेबांच्या दारात त्यांचा कारकून स्किट उभा होता. गोल, गुलाबी माणूस. त्याने पुडकं घेतलं.

“मोलकरणीचा ना? ठेवतो वर. जेवल्यावर बघतात साहेब. जेवण चांगलं आहे आज.”

“म्हणजे बरंच आहे की,” थॉमसिन विगिनला म्हणाली. रस्त्यात तिने त्याचा हात धरला होता, घसरू नये म्हणून. “माझ्या चीजला बुरशी नाही हो, वरचा पापुद्रा तसाच असतो. नाहीतर टाकून द्याल.”

शनिवारी सकाळी चर्चच्या घंटा वाजल्या आणि जजसाहेबांची गाडी दारात येऊन लागली. शेरीफच्या माणसाने यादी खांबावर ठोकली. विगिन गर्दीतून पुढे घुसला. पाच नावं. तिघांवर काट. एक मेंढीचोर सुटला होता. बनावट नाणी पाडणारा, ज्याच्यासाठी कुणी अर्जही केला नव्हता, तोसुद्धा सुटला होता. चौथं नाव ‘डॉर्कस प्रायर’. स्पष्ट, सुंदर अक्षरात, अगदी नीट लिहिलेलं. त्यावर काट नव्हती.

थॉमसिनने मागून विचारलं, “काय लिहिलंय मास्तर?”

“थांबा, मावशी,” विगिन म्हणाला, आणि तिला तिथेच ठेवून तो गाडीकडे पळाला.

स्किट सामान चढवून घेत होता. त्याने विगिनला ओळखलं आणि त्याचा चेहरा खुलला.

“या, या! अहो, काय कागद दिलात तुम्ही! साहेब रात्री दोनदा वाचत बसले. रुमाल काढला त्यांनी. मी अकरा वर्षं आहे त्यांच्याकडे, रुमाल मी फक्त सर्दीत पाहिलाय.”

“अर्ज वाचून?”

“अर्ज? हां, अर्जही होता त्यात. पण तो कबुलीजबाब! तो पेल्यातला चेहरा! साहेब म्हणाले, स्किट, हे कुणाला रचता येणार नाही. ज्यानं पेला हातात धरून चोरायचं मनात आणलंय, त्यालाच हे सुचेल.”

विगिनला ते पुडकं आठवलं. रद्दीतला वरचा कागद. पहिलं प्रूफ, ज्यात शाई जास्त लागली म्हणून त्यानेच बाजूला टाकलं होतं.

“ते तिनं नाही सांगितलं,” तो म्हणाला. “ते मी लिहिलंय.”

“तुम्हीच लिहिणार. तिला कुठे लिहिता येतंय?”

“तसं नव्हे! ती काहीच कबूल झालेली नाही. सगळं मी मनानं लिहिलंय. सोजिरसुद्धा. खोटं आहे ते सगळं!”

स्किटने हातातली पेटी खाली ठेवली. आता त्याला जरा मजा वाटायला लागली होती. “आणि मग तो दयेचा अर्ज कुणी लिहिला?”

“मीच.”

“म्हणजे ती निर्दोष आहे हेही तुम्हीच लिहिलंत, दोषी आहे हेही तुम्हीच लिहिलंत, आणि दोन्ही एकाच पुडक्यात पाठवलंत. आता त्यातलं खरं कुठलं धरायचं साहेबांनी?” त्याने पेटी पुन्हा उचलली. “जे चांगलं लिहिलंय तेच धरणार ना माणूस?”

“साहेबांना भेटू द्या मला.”

“भेटून काय होणार? अहो, साहेबांच्या मनात तिच्याविषयी राग नाही. उलट म्हणाले, इतका खरा पश्चात्ताप झालेला जीव आत्ता देवाघरी गेला तर थेट स्वर्गात जाईल. अमेरिकेत जाऊन पुन्हा बिघडली तर ते पाप आपल्या माथी. त्या नाणीवाल्याला मुद्दाम सोडलं. त्याची अजून तयारी झालेली नाही.”

विगिन त्याला ढकलून गाडीच्या खिडकीशी गेला. आत जजसाहेब घोंगडी पांघरून बसले होते. प्रेमळ, थकलेला, आजोबांसारखा चेहरा. मांडीवर तो शाईने माखलेला कागद होता. विगिन ओरडला, “साहेब, ते मी लिहिलंय! मी!” जजसाहेबांनी काचेतून त्याच्याकडे पाहिलं, कागद जरासा उचलून दाखवला आणि कौतुकाने मान हलवली. मग गाडी सुटली.

थॉमसिनला त्याने सांगितलं की अर्ज नामंजूर झाला. का झाला हे सांगितलं नाही. तिने कमरेच्या पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, “चालायचंच. तुम्ही तुमच्याकडून नीट लिहिलं होतंत.”

डॉर्कसला मात्र जेलरकडूनच कळलं होतं. सोमवारी विगिन गेला तेव्हा ती दाराकडे तोंड करून उभी होती.

“मास्तर, मी काय काय केलंय म्हणे?”

विगिनने सांगितलं. उभ्याउभ्या, खाली मान घालून सगळं सांगितलं.

“सोजिर होता?”

“होता.”

“दिसायला कसा होता? निदान बरा तरी द्यायचा होतात.”

“बरा होता. मिशी होती.”

“मिशी!” ती म्हणाली. “आयुष्यात एक पुरुष मिळाला तोही छापखान्यातून.” मग ती खाली बसली आणि तिचा आवाज बदलला. “ते पेल्यातलं मी तुम्हाला सांगितलं होतं. कुणालाच नव्हतं सांगितलं, मावशीलासुद्धा नाही. चांगले वाटलात म्हणून सांगितलं. आणि तुम्ही ते सैतानाच्या तोंडी घातलंत.”

“मी साहेबांना पत्र लिहितो. पुढच्या गावी घोड्यावरून पाठवतो.”

“नका,” ती एकदम म्हणाली. “तुम्ही आता काही लिहू नका. मला भीती वाटते.”

त्याने तरीही लिहिलं. या वेळी त्यात एकही ठरलेला शब्द घातला नाही. त्या पत्राचं उत्तर आलं नाही.

बुधवारी माळावर जत्रेइतकी गर्दी होती. गॉडबींचे विक्रेते उजाडल्यापासून ओरडत फिरत होते, “डॉर्कस प्रायरचे अखेरचे शब्द! पेल्यातली पोरगी! अखेरचे शब्द!” माल असा कधी खपला नव्हता; डॉर्कसला आणणारी गाडी माळावर पोचेपर्यंत दुसरी छपाई संपत आली होती. म्हणजे पोरीचे अखेरचे शब्द गावात सगळ्यांना पाठ झाले होते, आणि बोलायची ती फक्त पोरगी राहिली होती.

विगिन गाडीपासून वीस पावलांवर उभा होता. डॉर्कसने टोपी सरळ केली आणि बोलायला सुरुवात केली. आवाज लहान होता. “मी पेला घेतला नाही,” ती म्हणाली. “मी तो फक्त घासत होते.”

विगिनच्या पुढे एक खाटीक कागद हातात धरून ओळींवर बोट फिरवत होता. “हे कुठाय?” त्याने बायकोला विचारलं. “हे तर ह्यात नाही.”

“भ्यालीये बिचारी,” बायको म्हणाली. “विसरली असेल.”

मागून कुणीतरी ओरडलं, “पेल्याचं सांग! उलट्या तोंडाचं सांग!” आणखी दहा-वीस जणांनी ते उचललं. डॉर्कसने गर्दीकडे पाहिलं. आपण मनात ठेवलेली गोष्ट एवढ्या अनोळखी लोकांच्या तोंडी ऐकून तिचा चेहरा कसा झाला, ते विगिनने पाहिलं. ती आणखी काहीतरी म्हणाली, पण ते त्या गलक्यात त्यालाही ऐकू आलं नाही. मग दोर गळ्यात तसाच राहिला आणि तिच्या पायांखालची गाडी पुढे सरकली.

दुपारी थॉमसिन छापखान्यात आली. ती माळावर गेली होती, पण पार मागे, कुंपणाशी. पुढे जायचा धीर झाला नव्हता. तिच्या हातात चौघडी केलेला एक कागद होता.

“पोर शेवटी काहीतरी बोलली,” ती म्हणाली. “मला काही ऐकू आलं नाही. मग हा घेतला. सगळे म्हणतात, तिचंच बोलणं आहे ह्यात. वाचून दाखवा मास्तर.”

विगिनने कागद उलगडला. किड्याने खाल्लेला चेहरा. माळावर जे ओरडलं आणि विकलं गेलं, त्यातला ‘कबुली’ हा शब्द बहुधा म्हातारीच्या कानावर पडला नव्हता, किंवा पडून आत गेला नव्हता. तिने हात मांडीवर ठेवले आणि प्रार्थनेला बसतात तशी बसली.

त्याने ठरवलं, कागद कबुलीजबाबाचा आहे तर असू दे, आपण त्याच्याऐवजी दयेचा अर्ज बोलून दाखवू. त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की अर्ज त्याला आठवत नाही. अत्यंत लीन होऊन, याच्यापुढे एक अक्षर नाही. कबुलीजबाब मात्र स्वल्पविरामासकट पाठ होता.

मग तो कागदावर नजर ठेवून बोलायला लागला. “मी डॉर्कस प्रायर. नेदर कूमची. आई मला पाहायला राहिली नाही, पण मावशीने मला वाढवलं. ती नऊ मैल चिखलातून चालत आली. मी पेला घेतला नाही. मी तो दर शनिवारी राखेने घासायचे. आत पाहिलं की माझा चेहरा उलटा दिसायचा. मला वाटायचं, ह्या पेल्यात एक पोरगी राहते आणि तिचं सगळंच उलटं असेल. ती खुर्चीत बसत असेल आणि मालकीणबाई फरशी पुसत असतील. मला हसू यायचं. मग मी पेला कोरड्या फडक्याने पुसून फडताळात ठेवायचे. दर वेळी ठेवला. शेवटच्या शनिवारीही ठेवला.”



थॉमसिनचे डोळे वाहत होते, पण तोंडावर हसू होतं. “माझीच पोर,” ती म्हणाली. “लहान असताना पळीत तोंड बघून अशीच हसायची. कसं बाई सगळं धरून ठेवलंत तुम्ही. जशी बोलते तसं.” तिने शालीच्या टोकाने नाक पुसलं. मग तिच्या कपाळावर हळूहळू एक आठी उमटली. “मास्तर, मग हेच का नाही हो दिलंत जजसाहेबांना? ते दुसरं कशाला दिलंत?”

गॉडबी आतून मशीनवर कुणाला तरी शाई कमी घालायला सांगत होते.

थॉमसिनने हात पुढे केला. “द्या. रविवारी प्रार्थना झाली की पाद्रीबाबांना देते. सगळ्या गावाला वाचून दाखवतील. गावात काय काय बोलतात लोक तिच्याबद्दल. ऐकू देत एकदा.”

“मावशी,” विगिन घाईघाईने म्हणाला, “हा कागद चुरगळलाय. शाई पसरलीये. मी तुम्हाला हाताने लिहून देतो. चांगल्या कागदावर. मोठ्या अक्षरात. आत्ता बसतो. हा इथेच ठेवा.”

“हाताचं नको,” ती म्हणाली.

“हेच लिहितो. अक्षरन् अक्षर हेच.”

“हाताचं काय, कुणीही लिहील. लोक म्हणतील म्हातारीनं कुणाकडून तरी लिहून आणलं.” तिने त्याच्या बोटांमधून कागद सोडवून घेतला. जोर लावून नव्हे, समजूत घालावी तसा. “हे छापलेलं आहे. छापलेलं कुणी खोटं म्हणत नाही. आणि वर तिचं चित्रही आहे.”

तिने चित्रावरून एकदा अंगठा फिरवला, कागदाची पुन्हा चौघडी केली, पाद्रीबाबांची चिठ्ठी होती त्याच पुरचुंडीत तो ठेवला आणि गाठ मारली. दारात थांबून तिने विचारलं, “चीज संपवलंत ना?”

“संपवलं,” विगिन म्हणाला. ते खोटं होतं. चीज माळ्यावर होतं तसंच होतं.

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि नेदर कूमच्या रस्त्याला लागली.